१.५ डीसीआय डिझेलचं टायमिंग बेल्ट किट: कधी बदलायचं, कोणतं घ्यायचं

रेनो डस्टर आणि लॉजी, निसान टेरानो, सनी आणि मायक्रा, महिंद्राची लोगन आणि नंतरची वेरिटो. बिल्ले वेगळे, पण या सगळ्यांच्या डिझेल आवृत्त्यांत इंजिन एकच: रेनोचं १४६१ सीसीचं १.५ डीसीआय, कारखान्याच्या भाषेत के९के. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व, हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, आणि तो फिरवणारा रबरी दातेरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट. लोगन २००७ मध्ये महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून आली, डस्टर २०१२ मध्ये चेन्नईजवळच्या ओरगडममधून. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि रेनोने भारतात डिझेल बंद केलं. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात तरुण डिझेल डस्टरही आता पाच वर्षं ओलांडून गेली आहे. तिच्यात अजून कारखान्यातलाच बेल्ट असेल, तर मीटरवर किलोमीटर कितीही कमी असोत, तो बदलायची वेळ होऊन गेली आहे.

बाजारात या इंजिनासाठी जे जे मिळतं त्याचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो: नामांकित कंपनीचं, वॉटर पंपासहचं पूर्ण किट (बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि पंप एकाच डब्यात) घ्या आणि पाच वर्षांच्या आत बदला. सुटा बेल्ट घेऊ नका, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. हे असं का, ते पुढे.

हा बेल्ट नेमकं काय काय ओढतो

पेट्रोलच्या छोट्या इंजिनात टायमिंग बेल्टला फारसं ओझं नसतं. इथे त्याच्याकडे तीन कामं आहेत: कॅमशाफ्ट, कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप. हाय प्रेशर पंप डिझेल प्रचंड दाबाने रेलमध्ये ढकलतो, आणि त्या दाबाची प्रत्येक उसळी दातांवर येते. कॅमशाफ्टही एकसारखा फिरत नाही. व्हॉल्वची स्प्रिंग दाबताना तो बेल्टला मागे खेचतो, स्प्रिंग सुटताना पुढे ढकलतो. बेल्टचा एकेक दात असा आलटून पालटून ताणला जातो.

तिन्हींपैकी एकाचं बेअरिंग जाम झालं, तर नवाकोरा बेल्टसुद्धा दात सोडतो. म्हणूनच 'बेल्ट चांगल्या कंपनीचा टाकलाय' एवढं पुरेसं नाही. त्याच्या वाटेतला टेन्शनर आणि पंप कोणत्या अवस्थेत आहेत, हे तितकंच महत्त्वाचं आहे.

बेल्टची घडण तीन थरांची असते. पाठ आणि दात एचएनबीआर नावाच्या उष्णता सोसणाऱ्या रबराचे. आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या, ज्या ताण घेतात आणि बेल्टला लांब होऊ देत नाहीत. दातांच्या बाजूला नायलॉनचं कापड, जे झीज सोसतं. यातली दोरी हा सगळ्यात नाजूक भाग. ताण ती भरपूर सोसते, पण घडी अजिबात सोसत नाही. बेल्ट एकदा चिमटीत दुमडला, उलटा केला किंवा स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवर चढवला, की आतले काही तंतू तुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

पाहून कळतं का?

गॅरेजमध्ये नेहमीचा संवाद: वरचं प्लास्टिकचं झाकण काढायचं, टॉर्च मारायचा, अंगठ्याने बेल्ट दाबायचा आणि म्हणायचं, "साहेब, बेल्ट चांगला आहे, अजून वीस हजार चालेल." या तपासणीवर विसंबू नका.

जुन्या काळच्या निओप्रीनच्या बेल्टला पाठीवर भेगा पडायच्या आणि त्या वेळेआधी दिसायच्या. एचएनबीआर तसं नाही. तंतू थकलेले असतात, दातांच्या मुळाशी कापड विरलेलं असतं, तरी पाठ काळी गुळगुळीत दिसत राहते. शिवाय झाकणातून दिसतो तो बेल्टचा वरचा थोडासा भाग. खाली क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीपाशी, जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथे नजर पोहोचतच नाही.

त्यामुळे पाहणीतून 'आजच बदला' हे उत्तर मिळू शकतं, 'अजून थांबा' हे कधीच मिळत नाही. झाकण काढल्यावर पुढीलपैकी काहीही दिसलं, तर गाडी तिथेच ठेवायची: पाठीवर आडव्या भेगा, कडेने निघालेले दोरे, चकाकणारी घासलेली पाठ, अर्धवट दात, बेल्टवर ऑइलचा किंवा कूलंटचा ओलावा, झाकणाच्या आत काळी रबरी पूड.

आवाजाचंही तसंच. टायमिंगच्या बाजूने शिट्टीसारखा बारीक घूं आवाज येत असेल, तर बहुतेकदा टेन्शनरचं किंवा पंपाचं बेअरिंग वाजतंय. कूलंटची पातळी महिन्याला थोडी थोडी उतरते आणि खाली थेंब दिसत नाही, अशा वेळी वॉटर पंपाच्या गळतीच्या भोकापाशी वाळलेले डाग शोधा. इंजिन सुरू व्हायला अचानक जड झालं आणि स्कॅनरवर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड आला, तर बेल्ट दात चुकलेला असू शकतो. सेन्सर बदलत बसण्याआधी टायमिंगच्या खुणा तपासा, आणि तोवर स्टार्टर मारू नका.

किलोमीटर, वर्षं आणि तास

सर्व्हिस पुस्तिकेत बेल्टसाठी दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं, आणि त्यांच्यापुढे 'जे आधी होईल ते'. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. घरातली दुसरी गाडी, रविवारी बाहेर निघणारी, नऊ वर्षांत पंचेचाळीस हजार चाललेली: टायमिंग बेल्टच्या दृष्टीने तीच जास्त धोक्याची. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. एकाच जागी महिनोन् महिने वळून राहिलेल्या बेल्टला तो वाक पडतो, आणि ऑइल सील सुकून गळू लागतात ते वेगळंच.

पुस्तिकेतला आकडा ही कमाल मर्यादा धरा. आमचा हिशेब तासांचा आहे, कारण बेल्ट किलोमीटर मोजत नाही, फेरे मोजतो. हिंजवडीला किंवा ठाण्याहून अंधेरीला रोज जाणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर ६०,००० किलोमीटरला इंजिन ३,००० तास चालतं. हमरस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने धावणाऱ्या गाडीचे तेवढ्याच किलोमीटरला फक्त १,००० तास होतात. मीटरवर आकडा एकच, पण बेल्टचं काम तिप्पट. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं इंजिनही मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतच असतं, आणि त्या वेळी बॉनेटखालची गरम हवा बाहेर पडत नाही.

यावरून आमचं मत असं: मुख्यतः शहरात फिरणाऱ्या गाडीला ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं. मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाडीला ८०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं. पुस्तिकेतला आकडा याहून कमी असेल तर पुस्तिकाच खरी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर उघड्यावर उभी राहणारी गाडी किंवा खाणीच्या, खडीच्या रस्त्यावर चालणारी गाडी असेल, तर आणखी आधी.

जुनी गाडी विकत घेताना प्रश्नच नाही. मागच्या मालकाकडे पार्ट नंबरासह बिल नसेल, तर गाडीच्या किमतीतच किटचा आणि मजुरीचा खर्च धरा आणि पहिल्याच आठवड्यात काम करून घ्या. इथे एक खोच आहे. पुष्कळ बिलांवर नुसतं 'बेल्ट बदलला' असं लिहिलेलं असतं आणि तो असतो अल्टरनेटर-एसीचा बाहेरचा बेल्ट. मालकाला खरंच वाटत असतं की टायमिंगचं काम झालंय. बिलावर टेन्शनर आणि कूलंट दिसत नसेल, तर टायमिंग बेल्ट बदललेला नाही असंच समजा.

दुकानात काय मिळतं

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला १.५ डीसीआयचा टायमिंग बेल्ट मागितला, की साधारण चार प्रकारचा माल पुढे येतो.

पहिला कंपनीचा डबा, रेनो किंवा निसानच्या नावाचा. याच्या दर्जाबद्दल शंका नाही, आणि चेसिस नंबर दिला की नेमका भाग मिळतो, हा त्याचा खरा फायदा. के९के इंजिनाच्या आवृत्त्या पुष्कळ आहेत. लोगनचं ६५ अश्वशक्तीचं इंजिन आणि डस्टरचं ११० अश्वशक्तीचं इंजिन वरून सारखं दिसतं, पण टेन्शनर, पुली, बोल्ट यांत फरक निघतात. बहुतेक आवृत्त्यांचा बेल्ट १२३ दातांचा आणि २७ मिलिमीटर रुंद असतो, पण दात जुळले म्हणजे किट जुळलं असं नाही. ब्लॉकवर के९केच्या पुढे कोरलेला तीन आकडी क्रमांक दुकानदाराला द्या. तोट्याची बाजू म्हणजे किंमत, आणि पंप बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो.

दुसरा नामांकित कंपन्यांचा बेल्ट आणि टेन्शनरचा डबा: गेट्स पॉवरग्रिप, कॉन्टीटेक, एसकेएफ, आयएनए. यांत गेट्स आणि कॉन्टीटेक मुळात रबराच्या पट्ट्यांचे धंदेवाले, एसकेएफ आणि आयएनए मुळात बेअरिंगचे. चिंचवडचा एसकेएफचा कारखाना पुणेकरांना ठाऊक आहेच, आणि आयएनएचा मालक शेफलर समूहही भारतातला कारभार पुण्यातूनच चालवतो. बेअरिंगवाले बेल्ट स्वतः बनवत नाहीत. त्यांच्या डब्यातला बेल्ट बेल्टवाल्यांकडूनच आलेला असतो, आणि बेल्टवाल्यांच्या डब्यातल्या टेन्शनरवर अनेकदा बेअरिंगवाल्यांचं नाव सापडतं. त्यामुळे या चौघांत 'कोण चांगला' यावर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही. चारही चालतील. ज्याचा अस्सल डबा, तुमच्या इंजिन क्रमांकाला जुळणारा, ताज्या तारखेचा मिळेल, तो घ्या.

तिसरा याच कंपन्यांचा वॉटर पंपासहचा डबा. आमची पसंती यालाच. कारण साधं आहे. पंप गळायला लागला, तर तो बदलायला पुन्हा हीच सगळी खोलाखोल करावी लागते: उजवं चाक, आतलं प्लास्टिक, इंजिनाचं माउंटिंग, क्रँक पुली, झाकणं, बेल्ट. रेनोचा नियम असा की एकदा उतरवलेला बेल्ट पुन्हा चढवायचा नाही. म्हणजे दहा हजार किलोमीटरपूर्वी टाकलेला बेल्ट पंपापायी फेकून द्यायचा आणि मजुरी दुसऱ्यांदा भरायची. मजुरीच्या मानाने पंपाची किंमत फार नाही. 'पंप अजून टाइट आहे' असं सांगून पंप वाचवणारा मेकॅनिक तुमचे पैसे वाचवत नाही. हातात फिरवून बेअरिंगची ढिलाई कळते, सीलचं उरलेलं आयुष्य कळत नाही.

चौथा सुटा बेल्ट, पुठ्ठ्याच्या बाहीत किंवा नुसत्या प्लास्टिकमध्ये, अर्ध्याहून कमी किमतीत. हा घेऊ नका. जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट टाकणं हे या इंजिनातलं सगळ्यात महाग पडणारं काम आहे. टेन्शनरच्या बेअरिंगमधलं ग्रीस बेल्टएवढंच जुनं झालेलं असतं. ते सुकलं की बेअरिंग तापतं, प्लास्टिकची पुली वितळते किंवा चिरते, बेल्ट एका बाजूला सरकून झाकणाला घासतो आणि काही हजार किलोमीटरांत कडेने फाटतो. मग दोष मात्र बेल्टला दिला जातो.

नकली माल नामांकित नावांचाच जास्त निघतो. भारतात विकल्या जाणाऱ्या बंद डब्यावर कमाल किरकोळ किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष आणि उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. हे लेबल नसेल, खाडाखोड असेल किंवा दुकानदार 'बिलाशिवाय इतके कमी' म्हणत असेल, तर डबा परत द्या. डब्यावर क्यूआर कोड असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच मोबाइलने तपासून घ्या. बेल्टच्या पाठीवरची छपाई बोटाने घासून पाहा, ती सहज पुसली जाऊ नये. बेल्टवरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच हवा. दातांच्या बाजूचं कापड सलग हवं, कुठेही रबराचे फुगे किंवा निघालेले धागे नकोत. टेन्शनर हाताने फिरवा: ग्रीसच्या किंचित अडकावासह, आवाज न करता फिरायला हवा. गरगर फिरत राहणाऱ्या टेन्शनरमध्ये ग्रीस कमी आहे.

डबा उघडलाच आहे तर एवढं मोजून घ्या: बेल्ट एक, टेन्शनर एक, पंप एक, पंपाचं गॅस्केट आणि लागणारे बोल्ट. क्रँक पुलीचा बोल्ट डब्यात नसेल तर वेगळा मागवा, तो प्रत्येक वेळी नवाच लागतो. शिवाय अल्टरनेटर-एसीचा बाहेरचा बेल्ट, पाच-सहा लिटर तयार मिश्रण होईल एवढं कूलंट आणि, ऑइलचा मागमूस असेल तर, कॅम आणि क्रँकचं पुढचं सील.

बाहेरच्या बेल्टवर थोडं थांबायला हवं, कारण या इंजिनाची खरी खोड तिथे आहे. हा बेल्ट जुना झाला की कडेने धागे सोडतो. ते धागे क्रँक पुलीच्या मागे गुंडाळले जातात, तिथून टायमिंगच्या झाकणाखाली शिरतात आणि टायमिंग बेल्ट आणि त्याच्या पुलीच्या मध्ये अडकतात. बेल्ट दात चुकतो किंवा तुटतो. टायमिंग बेल्ट नवा असूनही इंजिन जाण्याचं हे एक कारण आहे. म्हणून प्रत्येक सर्व्हिसला बाहेरच्या बेल्टची कड पाहायची, एकही धागा निघालेला दिसला तर त्याच दिवशी बदलायचा, आणि टायमिंगच्या कामात तो नवा टाकायचाच, त्याच्या टेन्शनरची पुली फिरवून पाहायची.

बसवणीत काय चुकतं

हे काम सरावलेल्या माणसाला अर्धा दिवस लागतं. 'दीड तासात गाडी देतो' म्हणणाऱ्याला नेमकं काय काय वगळणार आहे ते विचारा.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम इंजिनावर ताण बसवला, तर तो थंड झाल्यावर चुकतो. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यायचा, मगच उजव्या बाजूचं माउंटिंग सोडायचं. क्रँक आणि कॅम जागेवर धरायला पिना असतात. ब्लॉकमध्ये घालायची पिन क्रँकची जागा दाखवण्यासाठी आहे, पुलीचा बोल्ट सोडताना किंवा आवळताना इंजिन अडवून धरण्यासाठी नाही. या चुकीने पिन वाकते, क्रँकचा वेबही (बाजूची जाड पाती) दुखावतो. बोल्टसाठी फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक) वेगळं लॉक करावं लागतं. पिना नसलेली गॅरेजं पांढऱ्या रंगाच्या खुणांवर काम भागवतात. जुना बेल्ट आधीच एक दात चुकलेला असेल, तर ती चूक खुणांसह नव्या बेल्टवर उतरते. पिना आहेत का, हा गॅरेज निवडतानाचा पहिला प्रश्न असू द्या.

क्रँक पुलीचा बोल्ट या इंजिनात दोन मापांत येतो, एम१२ आणि एम१४. दोन्हींचा टॉर्क (आवळण्याचा जोर) वेगळा, आणि दोन्हींना टॉर्कनंतर अंशांत कोन द्यावा लागतो. त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा काढून टॉर्क रेंच आणि कोनमापकानेच आवळायचा. इम्पॅक्ट गनने आवळलेला बोल्ट कमी बसला तर पुली सैल होऊन टायमिंग चुकतं, जास्त बसला तर पुढच्या वेळी तुटतो.

टेन्शनर हाताने आवळून अंदाजाने ताण द्यायचा नसतो. त्यावर दर्शक काटा असतो. अॅलन कीने टेन्शनर फिरवून काटा सांगितलेल्या जागी आणायचा, नट आवळायचा, पिना काढायच्या आणि इंजिन हाताने, पाना लावून, घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. मग पिना पुन्हा घालून पाहायच्या. त्या सहज बसल्या तर टायमिंग बरोबर. आता टेन्शनर अॅलन कीने धरून नट जास्तीत जास्त एक फेरा सैल करायचा, काटा टेन्शनरवरच्या खुणेच्या खिडकीच्या मधोमध आणायचा आणि नट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा. घाईतली गॅरेजं दोन फेऱ्यांनंतरची ही दुसरी जुळवणी सोडून देतात. ताण जास्त राहिला तर घूं आवाज येतो आणि पंपाचं बेअरिंग लवकर जातं, कमी राहिला तर थंडीत इंजिन सुरू करताना बेल्ट दात चुकवू शकतो. इंजिन उलटं मात्र कधीही फिरवायचं नाही.

नवा पंप बसवण्याआधी ब्लॉकचा पृष्ठभाग जुन्या गॅस्केटपासून पूर्ण साफ हवा. धातूच्या खरवडणीने ओरखडे पडले तर नवा पंपही गळतो. सीलंट सढळ हाताने लावला, तर त्याचे तुकडे सुटून हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. कूलंट रेनोला चालणाऱ्या प्रकाराचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. नळाच्या पाण्याने पंपाच्या सीलवर क्षार बसतात. शेवटी हवा काढणं: इंजिन रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत चालवायचं, हीटर गरमवर ठेवायचा, थंड झाल्यावर पातळी पाहायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहायची.

तुटलाच तर

चालत्या गाडीत बेल्ट तुटला, की इंजिन झटक्यात बंद पडतं. या इंजिनात व्हॉल्व आणि पिस्टनची वाट एकच आहे. कॅम थांबतो, पिस्टन फिरत राहतात आणि उघडे राहिलेले व्हॉल्व वाकतात. त्यानंतर स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून गिअरमध्ये सुरू करायचा प्रयत्न तर मुळीच नको, कारण प्रत्येक फेऱ्यात नुकसान वाढतं. न्यूट्रलमध्ये टो करा. 'नवा बेल्ट टाकून बघू, नशीब असेल तर चालेल' हा सल्लाही ऐकू नका. आधी सिलिंडरमध्ये हवा भरून गळती तपासायची, मग पुढचं ठरवायचं.

हेड उतरवलं की यादी अशी वाढते: वाकलेले व्हॉल्व (बहुधा आठही), व्हॉल्व सील, कदाचित गाइड, हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट, इंजेक्टरचे वॉशर, हाय प्रेशरच्या नळ्या (एकदा सोडल्यावर त्या पुन्हा वापरायच्या नसतात), मॅनिफोल्डची गॅस्केट, ऑइल, फिल्टर, कूलंट आणि अर्थातच तेच पूर्ण टायमिंग किट, जे आधी टाळलं होतं. कॅमशाफ्ट किंवा त्याच्या कॅप तुटल्या असतील, तर दहा-बारा वर्षांच्या गाडीचा हिशेब अनेकदा तिथेच थांबतो.

दुसरी गाडी असेल तर

मारुती ८००, ओम्नी, ७९६ सीसीची अल्टो, ह्युंदाई सँट्रो झिंग, १.१ ची आय-टेन, टाटा इंडिका, फोक्सवॅगन आणि स्कोडाची टीडीआय इंजिनं: सगळीकडे बेल्ट. मारुतीची १.३ डीडीआयएस आणि के मालिकेची पेट्रोल इंजिनं, १.२ कप्पाची आय-टेन, इनोव्हा क्रिस्टा: इथे चेन. जुन्या २.५ डिझेल इनोव्हाला बेल्ट आहे, आणि तिच्या मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा वेळ झाल्यावर लागतो. तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो, वर्षं नाही. बेल्ट बदलल्यावर तो रीसेट करून घ्यायचा, नाहीतर पुढची मोजणी चुकते. बेल्ट न बदलता दिवा रीसेट केलेल्या गाड्याही बाजारात असतात. जुनी इनोव्हा घेताना दिवा विझलेला आहे यावर जाऊ नका, बिल मागा.

काम झाल्यावर

जुना बेल्ट, टेन्शनर आणि पंप गाडीसोबत परत मागा. ते न्यायचे नसले तरी पाहून घ्या. टेन्शनर फिरवून खरखर ऐका, बेल्टच्या दातांची मुळं वाकवून भेगा पाहा. त्यावरून आधीचा बेल्ट किती वेळेवर किंवा किती उशिरा बदलला ते कळतं आणि पुढची मुदत तुमच्या वापराला साजेशी ठरवता येते. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: किटचा कंपनीचा पार्ट नंबर, मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख. बहुतेक नामांकित डब्यांत हेच लिहायला एक स्टिकर येतो. तो डब्यासोबत कचऱ्यात जाऊ देऊ नका, बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि त्यावर पुढच्या बदलाचे किलोमीटर आणि वर्ष दोन्ही लिहा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर एकदा गॅरेजला जाऊन कूलंटची पातळी, पंपाखालचा कोरडेपणा आणि बाहेरच्या बेल्टचा ताण तपासून घ्या.